मी ‘सोड’ म्हणालो, त्याचा खुलासा

आमच्या घरात पुराच्या त्या दुपारची हकीकत एकाच पद्धतीने सांगितली जाते, आणि ती चुकीची आहे. म्हणे, मळईच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानाच्या, वाटेवर पिकअप रुतली, माझा धीर सुटला, आणि निदान म्हशी तरी पोहून निघाव्यात म्हणून मी धाकट्या भावाला त्यांची दावी सोडायला सांगितले. तो गाडीच्या मागच्या हौद्यात चढला, त्याच्या वजनाने मागचे चाक दबले आणि गाडी निघाली. भावाचे वजन साठ किलो. हौद्यात आधीच दोन मुऱ्हा म्हशी उभ्या होत्या. त्यांच्या वजनाने जे झाले नाही ते याच्या वजनाने झाले, असे मानणाऱ्यांनी जरा विचार करावा.

गाडी माझी निवड होती. मागच्या दोन चाकांना इंजिनाचे बळ वाटून देणारा जो गोळा आसाच्या मध्यभागी असतो, त्या डिफरन्शियलला आमच्याकडे ‘डिफ्रन्स’ म्हणतात. साध्या गाडीत एक चाक चिखलात फिरू लागले की बळ तिकडेच वाया जाते आणि कोरड्यावरचे चाक ढिम्म उभे राहते. ‘लिमिटेड स्लिप’ प्रकारात आतल्या चकत्या त्या फिरणाऱ्या चाकाला आवर घालतात, म्हणून दुसऱ्या चाकालाही काही बळ पोचते. मी हट्टाने तशीच गाडी घेतली. शिवाजी पेठेतल्या आमच्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, “आण्णा, कोल्हापुरात बर्फ पडतोय व्हय? ह्या डिफ्रन्सनं काय डिफ्रन्स पडणार हाय?”

भाऊ त्याच्याबरोबर मनमुराद हसला. मी मिस्त्रीला म्हणालो, “आमच्या मळईत येऊन बघ. आमचा बर्फ काळा असतो.”

आमचा गोठा नृसिंहवाडीच्या अलीकडे, नदीकाठच्या मळईत होता. त्या दुपारी आम्ही दोघांनी फळीवरून म्हशी चढवल्या तेव्हा पाणी उसाच्या बुडख्यात शिरले होते. डांबरी रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर. मध्ये कच्ची वाट, तिच्या डाव्या अंगाला चर आणि चरीपलीकडे दगडी बांध. अर्ध्या वाटेवर डावे चाक चरीच्या काठावरून घसरले. उजवे मुरुमावर होते. मी क्लच सोडला. डावे चाक गरगरले, चिखलाच्या चिळकांड्या उडाल्या, उजवे थरथरून थांबले. आरशात पाहिले, तर पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले होते.

भाऊ उतरून मागे गेला. “दादा, हाण! मी रेटतो!”

मी त्याला नको म्हणालो नाही.

चाक फारच मोकळे फिरू लागले, तर आतल्या चकत्यांनाही पकड मिळत नाही. त्यावर इलाज मला ठाऊक होता आणि तो मी केला. हँडब्रेक दोनदा कट्ट वाजेपर्यंत ओढला, मोकळ्या चाकाला तेवढा अडसर दिला आणि पहिल्या गियरमध्ये क्लच केसाकेसाने सोडला. बळ उजवीकडे गेले. मुरूम करकरला, गाडी वीतभर पुढे सरली. ती डिफ्रन्सने सरली, हँडब्रेकने सरली, रेटण्याने नव्हे.

पण दोन्ही चाके एकदम ओढू लागली की निसरड्यावर दोन्ही एकदम घसरतात, आणि गाडीचा मागचा भाग उताराकडे जातो. उतार डावीकडे होता. डाव्या आरशात मला हौद्याचा कोपरा दिसला, बांधाचे दगड दिसले आणि त्या दोहोंमध्ये भावाचा खांदा दिसला. त्याची मान खाली होती. फट कमी होत होती.

मी ओरडलो, “सोड! सोड!”

खांदा आरशातून नाहीसा झाला. तो वर गेला की खाली गेला, ते मला दिसले नाही. लगेच हौदा दगडांवर खरडत गेल्याचा आवाज आला आणि गाडी उसळून मुरुमावर चढली. डांबरीपर्यंत मी मागे पाहिले नाही. पाहण्याची छाती नव्हती.

तिथे थांबलो तेव्हा तो हौद्यातून उतरला. हातात दोन दावी होती, म्हशी आत मोकळ्याच उभ्या होत्या.

“दोन्ही सोडली बघ,” तो धापा टाकत म्हणाला. “म्हटलं, गाडी गेली आता. सोड म्हणालास नव्हं?”

आमच्याकडे पूर आला की जनावराचे दावे आधी सोडतात. पाण्याच्या काठी कोणी ‘सोड’ ओरडला तर त्याचा दुसरा अर्थ कोणी लावत नाही. त्यानेही लावला नाही. मग त्याची नजर हौद्याच्या डाव्या कोपऱ्यावर गेली. पत्रा आत दबला होता, रंग खरवडला गेला होता. त्याने तिथे हात ठेवला.

“हे कुठं घासलं रं?”

“चढताना,” मी म्हणालो.

“आणि सोड म्हणालास ते दाव्यालाच नव्हं?”

“व्हय. दाव्यालाच.”

त्याने मान हलवली आणि मोठ्याने हसला. संध्याकाळी तो घरात सांगू लागला, की दादाचा धीर सुटला. मी तेव्हा गप्प बसलो आणि त्यानंतरही बसत आलो.

असा डिफ्रन्स घ्यावा का, असे मला लोक विचारतात. अवश्य घ्यावा, मिस्त्री काहीही म्हणो. मात्र गाडी रुतली असता उताराच्या बाजूला माणूस उभा करू नये.

मी म्हशी सोड म्हणालो नव्हतो. गाडी सोड, बाजूला हो, असे म्हणालो होतो. क्लच दाबला असता तर गाडी जागीच थांबली असती आणि पुन्हा हलली नसती. मी तो दाबला नाही. ओरडत होतो तेव्हाही माझा पाय ॲक्सिलरेटरवरच होता.