पाचवा उद्गार आणि टँकर

त्या वर्षी आई चर्चला आलीच नाही. ईस्टरला नाही, पेंटेकॉस्टला नाही. हंगामाच्या सणाला तिनं माझ्या हाती ज्वारीची कणसं पाठवली. नाताळात साऱ्या मंडळीला पुरतील एवढ्या करंज्या केल्या आणि त्याही माझ्याच डोक्यावर दिल्या. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तेव्हा मी ठरवलं, की हा प्रश्न आईच्या श्रद्धेचा नाही, आमच्या मंडळीचा आहे.

झालं होतं ते असं. आमचं गाव मोताळा तालुक्यातलं. उन्हाळ्यात धामणगाव बढ्याच्या बाजूनं टँकर येतो, आणि कधी येईल ते त्याच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, आमची उपासना बारा ते तीन. ख्रिस्तानं क्रूसावरून काढलेले सात उद्गार आणि त्यांवर बोलणारे सात जण. मागच्या उत्तम शुक्रवारी मधेच टँकरचा हॉर्न वाजला. आई उठली, हंडे भरले, घरी ठेवले आणि ओल्या पदरानं चर्चच्या दारात परत आली. तेव्हा मंडळीचे ज्येष्ठ पंच पुढून बोलत होते, “प्रभू क्रूसावर, अन् आमच्या बाया टँकरामागं! एक घंटा जागं राहणं होत नाही तुमच्यानं?” लोक हसले. आई दारातूनच मागे फिरली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा आठवडी बाजारात शुभवर्तमानाची पत्रकं वाटायचे आणि उरलेली मी वाचायचे. त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी उद्गारचिन्हं सुचतात. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी विहिरीत पडलेला बैल वर काढावा की नाही, यावर ज्यानं धर्मपुढाऱ्यांना उघड गप्प केलं, त्याच्याच नावानं आम्ही बायकांना पाण्यावरून टोमणे मारत होतो!

तरुण संघाला दरवर्षी एक उद्गार मिळतो. मी पाचवा मागितला, ‘मला तहान लागली आहे.’ पंच म्हणाले, “घे, पोरी. लहानच हाये तो.”

शुक्रवारी सकाळी आई रिकामा ड्रम घासत होती. मी म्हटलं, “मले ऐकायले तरी ये नं.”

“देव मले घरीबी भेटते.”

“अन् मंडळी?”

“टँकरासाठी उठलेल्या बाईले जिथं कोणी बोलणार नाही, तिथं मी येईन. आज मी टँकरची वाट पाहून राह्यली. जाय तू.”

चर्चमध्ये पंखे गरम हवाच ढवळत होते. चौथा उद्गार चालू असताना बाहेर हॉर्न वाजला. बायकांच्या बाकांवर पायांची चुळबुळ झाली, पण उठलं कोणीच नाही. मागच्या वर्षीचं हसणं सगळ्यांच्या लक्षात होतं. चौथे वक्ते बसले आणि मी पुढे गेले. माझ्याकडे लिहून आणलेली पानं होती, चांगली जळजळीत. मी ती घडी करून बायबलात ठेवली.

म्हटलं, “प्रभू क्रूसावरून क्षमा देतो. चोराला नंदनवन देतो. आईला मुलगा देतो. माणसांकडे तो काही मागतो ते फक्त या उद्गारात. त्याला पाणी हवं होतं आणि त्याला आंब मिळाली, आंबलेली दारू. बाहेर टँकर उभा आहे. जिच्या घरात पाणी नाही तिनं उठावं, आणि ज्यांच्या घरात आहे त्यांनी तिचा हंडा उचलावा. उपासना मोडत नाही. ती टँकरपाशी चालू राहील.”

“पोरी, खाली बस!” पंच ओरडले. “हे तीन तास मोडता येत नाहीत.”

मी बसले नाही. पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, खाली पाहत होते. मग पंचांच्याच बायकोचा आवाज आला, “अवो, आपला ड्रमबी रिकामाच हाये. मी उठू का तुम्ही उठता?”

मागच्या उत्तम शुक्रवारी लोक आईला हसले होते. या वेळी सगळे स्वतःलाच हसले, आणि हसता हसता उठले. पाळकसाहेबांनी पांढऱ्या झग्याच्या बाह्या वर सारल्या. पंच सगळ्यांत शेवटी निघाले, पण निघाले.

आई टँकरच्या पाइपाशीच होती. पांढऱ्या कपड्यांतली अख्खी मंडळी येताना पाहून शेजारची खाला तिला म्हणाली, “काय वो भाभी, आज तुमची प्रार्थना जल्दी सुटली?”

“सुटली नाही,” आई म्हणाली. “इथंच आली.”

मग जे भरणं झालं ते गावानं पाहिलं. आमचे ड्रम भरले, खालाचे भरले, खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी हंडे पोचले. आईचा भरलेला हंडा पंचांनी उचलला. त्यांचा सदरा छातीपर्यंत भिजला.

“हळू, सांडू नका,” आई म्हणाली.

ते थांबले. “मागच्या साली मी तुमाले जे बोललो...”

“ते तुम्ही चर्चमधी बोलले होते. आता बी तिथंच बोला.”

आम्ही परत आलो. आईही आली, पण दारापाशी उभी राहिली. सहावा उद्गार पंचांचा होता, ‘पूर्ण झाले आहे.’ ते ओल्या सदऱ्यानंच पुढे गेले. चष्मा पुसायला कोरडं काही सापडेना, म्हणून तो त्यांनी खिशात टाकला.

“मागच्या उत्तम शुक्रवारी,” ते म्हणाले, “मी इथून एका बहिणीचा अपमान केला. ती प्यायचं पाणी आणायले गेली होती. चूक माझी होती. तिनं मले क्षमा करावी, अन् या मंडळीनंबी.” मग त्यांनी आपला उद्गार म्हटला, आणि ते जागेवर जाऊन बसले.

आई दारातून निघाली ती सरळ पहिल्या बाकापर्यंत गेली. बसलेल्या दोघींना म्हणाली, “सरका वो जराशा.” तिच्या पदराचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. सातव्या उद्गारानंतर गीत सुरू झालं. आमच्याकडे त्या दिवशी हळू, दबक्या आवाजात गातात. आईनं वर्षभर गायलं नव्हतं. दुसऱ्याच ओळीला तिनं आवाज चढवला, मग बायकांचे बाक तिच्या मागे गेले, मग पुरुषांचे. पाळकसाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली, आणि पेटीचा भाता जोरात चालू लागला.