गड्ड्यावरच्या मक्याच्या वड्या

दुष्काळ सरला, रेशनच्या दुकानात पुन्हा ज्वारी दिसू लागली आणि सगळे जण मका विसरले. मी विसरले नाही. माझं एक काम त्या मक्यापाशी अडलं होतं.

आमच्या सासरी कार्य कोणाच्याही घरचं असो, कोठी एकाच बाईकडे असते. शिधा तिनं मोजून काढायचा, भांडी तिनं द्यायची, कुठल्या पंगतीला काय वाढायचं तेही तिनंच ठरवायचं. कोठीचं पितळी कुलूप ठरलेलं, ते ज्याच्या घरी कार्य त्याच्याकडे जातं. किल्ली मात्र त्या बाईच्या कमरेला. दहा वर्षं ती माझ्या कमरेला होती. मला याद्या करायची सवय. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांवर मी कार्यंच्या कार्यं मांडलेली आहेत, आणि एकाही लग्नात मीठ कमी पडलेलं नाही.

ऐन दुष्काळात पुतण्याचा साखरपुडा आला. डाळ मिळेना, ज्वारी मिळेना. रेशनला पिवळा मका आला होता, तो घरोघरी पडून होता, कारण त्याचं काय करायचं ते आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं. मी तो गिरणीत जाडसर दळून आणला. ताकात हळद, मिरची, लसूण घालून शिजवला, परातीत थापला, वड्या कापल्या आणि तव्यावर टाकल्या. तव्यावर त्यांचा भुगा झाला. वेळ नव्हता. तो भुगाच मी पंगतीत वाढला.

थोरल्या जाऊबाई बार्शीच्या. त्यांनी पंगतीच्या मधोमध उभं राहून, व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अगं बया! व्याह्यांच्या पानात कोंबड्यांचं खाणं वाढलंय की हिनं!"

व्याही हसले. मग सगळेच हसले. पानं तशीच उठली. आमच्या वैरागच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, घरात शब्द त्यांचा चालतो. त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्या कमरेची किल्ली सोडवून जाऊबाईंना दिली. जाऊबाई ती तेव्हापासून रोज कमरेला लावतात. कार्य असो वा नसो. चालताना वाजते.

तीन वर्षं मी ते वाजणं ऐकलं.

संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरते. आकाशपाळणे, हसरे आरसे, मोटारसायकल फिरवायची विहीर, आणि त्यांच्या मागे तंबूतल्या हॉटेलांची रांग. जाऊबाई आणि आत्याबाई दर वर्षी जत्रेसाठी माझ्याकडे उतरतात. आदल्या वर्षी कुठल्याशा तंबूतली भजी खाऊन दोघींची पोटं बिघडली होती, म्हणून या वेळी त्या यायच्या आधीच मी एकटी जाऊन सगळी हॉटेलं तपासली. कुठे तेल काळं, कुठे पाणी उघडं, ते लिहीत गेले. सात तंबूंवर काट मारली. आठवा मोठ्या पाळण्याच्या सावलीत होता. तिथे एक बाई तव्यावर पिवळ्याधमक वड्या परतत होती.

मी वास ओळखला. ताक, लसूण आणि मका.

वडी चौकोनी होती, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. बाहेरून खरपूस, दातांखाली कुर्र वाजणारी, आणि आत खरवसासारखी मऊ. वर शेंगदाण्याची तिखट चटणी आणि कच्च्या तेलाची धार. पाळणा डोक्यावरून करकरत जायचा, त्याची सावली ताटलीवरून सरकायची. मी उभ्यानं एक प्लेट खाल्ली, मग बाकावर बसून दुसरी. चव माझ्याच वड्यांची होती. फक्त या मोडत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशीही. खाण्यासाठी गेले हे खरंच, पण तिसऱ्या दिवशी विचारलं. ती बाई विणकरांच्या घरातली, शहरातलीच, घरी तेलुगू बोलणारी. मोकळी होती.

"परातीत गार होऊ द्यायचं अक्का. पूर्ण रात्र. हात लावायचा नाही. गरम कापलं तर भुगाच होतो की."

एवढंच. माझी किल्ली एका रात्रीच्या घाईनं गेली होती.

मी तिला सांगितलं, "उद्या दोघींना घेऊन येते. मका आहे म्हणून सांगू नकोस." तिनं कारण विचारलं नाही. सासरचं प्रकरण आहे हे तिला कळलं असावं.

दोघी त्याच रात्री माझ्याकडे उतरल्या. दुसऱ्या दिवशी जाऊबाई तंबूतल्या बाकावर बसल्या. पहिला घास घेतला आणि बोलायच्या थांबल्या, हे मी त्यांच्या बाबतीत प्रथमच पाहिलं. पहिली प्लेट संपली. दुसरी आली.

"ह्याला म्हणत्यात वडी," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "कशाची हाय गं ही?"

"घरची रीत आहे," तंबूवाली म्हणाली आणि तव्याकडे वळली.

"बार्शीला लगीन हाय आमच्यात, येतीस का कराया? आमच्या हिला असलं जमायचं न्हाय." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. किल्ली वाजली.

"खा जाऊबाई," मी म्हटलं. "सावकाश खा."

मी यादी केली. बाजारातून मका, गिरणी, ताक, पाच पराती, पंचवीस कापडी पिशव्या. हळदीकुंकू परवाच्या दिवशी ठेवलं. आदल्या दिवशी दुपारी मका शिजवून पराती भरल्या, झाकल्या आणि सकाळपर्यंत स्वतःचे हात बांधून ठेवल्यासारखी बसले. सकाळी सुरी घातली. वडी अख्खीच्या अख्खी निघाली. मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता.

गल्लीतल्या बायका आल्या. साखरपुड्यातल्या पंगतीला वाढायला होत्या त्यातल्याही काही होत्या, त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ताटल्या फिरल्या.

"गड्ड्यावरनं आणल्यास व्हय?" जाऊबाई तोंडात वडी असतानाच म्हणाल्या.

"नाही. घरच्या."

"काय सांगतीस! तुझ्या हातच्या?"

मी वाण वाटायला घेतलं. हळदीकुंकवाचं वाण नाकारता येत नाही, पदर पसरून घ्यावंच लागतं. प्रत्येकीला एकेक पिशवी दिली आणि शेवटी जाऊबाईंसमोर आले. त्यांनी पदर पसरला. मी पिशवीचं तोंड सोडून दिली. पिवळ्या कण्या त्यांच्या पदरात सांडल्या.

"मका हाय हा!"

"होय. कोंबड्यांचं खाणं. गड्ड्यावर दोन प्लेटा झाल्या, आत्ता ही तिसरी."

एक बाई फिसकन हसली. तिच्यामागे सगळ्या. जाऊबाईंना हसता येईना आणि पदरातला मका टाकताही येईना. तशाच पदर धरून बसल्या. आत्याबाई खोकला येईपर्यंत हसल्या, मग डोळे पुसून त्यांनी हात पुढे केला.

"आन हिकडं ती किल्ली. बार्शीची कोठी हीच बगंल."

किल्ली काढायला जाऊबाईंना एक हात सोडावा लागला, आणि थोडा मका खाली पडला. तो मी उचलू दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्यादेखत झाडला.

चैत्रात बार्शीला नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. कोठीच्या यादीत पहिली ओळ मक्याच्या वड्यांची होती. वऱ्हाडी मागून मागून खात होते. शेवटची पंगत घरच्या बायकांची. तिथे मी कोणालाही वाढू दिलं नाही, स्वतः ताट घेऊन फिरले. जाऊबाईंपुढे थांबले.

त्या मान खाली घालून एक वडी खाऊन संपवत होत्या.

"आणखी?"

"पुरं गं."

पंगतीत आग्रहाला नाही म्हणत नाहीत आणि पानात टाकून उठत नाहीत. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी चार वाढल्या आणि चारही संपेपर्यंत तिथेच उभी राहिले.