हळूबाईंची वाचनखोली

हळूबाई कशाला भीत नसत, असं विचारणंच सोपं. लिफ्टला भीत. अचानक वाजलेल्या फोनला भीत. प्राचार्यांनी ‘जरा येऊन जा’ असा निरोप धाडला की त्या देवाचं नाव घेत जिना चढत, आणि वर जाऊन पाहावं तर प्राचार्यांना फक्त पंख्याचं बटण कुठलं ते विचारायचं असे. त्यांची मावशी, जिच्याजवळ त्या राहत, ती म्हणायची, “आमच्या पोरीला तिची सावलीसुद्धा दचकवते.” दार हळू उघडायच्या, चालायच्या हळू, बोलायच्या त्याहून हळू. म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की दारावरच्या पाटीवरचं खरं नाव कुणी घेईना.

विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयात त्या शिकवत. म्हणजे जे पुढे शिक्षक होणार, त्यांना शिकवत. ही मंडळी सराव पाठ घ्यायला आमच्या शाळेत येत आणि हळूबाई मागच्या बाकावर बसून पाहत. मी तेव्हा तिथे चौथीला शिकवत होते. एखादा नवा सर फळ्यापाशी अडखळला की घाम त्याच्याआधी बाईंना फुटायचा. आमची मुलं मात्र मुरलेली. वर्षानुवर्षं नवे सर आणि नव्या मॅडम पाहून पाठ कसा घ्यायचा हे त्यांना तोंडपाठ झालेलं. “सर, आज काय शिकणार ते सांगायचं राहिलं,” असं पहिल्या बाकावरून खुशाल सांगत.

याच शाळेच्या मागच्या खोलीत बाईंनी वाचनाचा वर्ग सुरू केला होता. आसपासच्या वस्तीतली, चौथीपर्यंत पोचूनही अक्षर न लागणारी मुलं तिथे येत. शिकवायला नवे सर, नव्या मॅडम. बसवायला, गोंजारायला बाई स्वतः. मुलं वाचायला लागली. बाईंनी त्यावर संशोधन केलं, निबंध वाचले, महाविद्यालयाचं नाव झालं. आता विद्यापीठाची समिती येणार होती. समितीला पटलं तर वर्ग कायमचा होणार होता, स्वतंत्र शिक्षक मिळणार होता. नाही पटलं तर त्या खोलीत पुन्हा खेळाच्या चटया आणि फुटके बाक जाणार होते.

समिती यायच्या दिवशी सकाळी बाई मुलांना घेऊन बसल्या होत्या. मी दारात उभी होते. टिटवी वाचत होती. आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा, म्हणून टिटवी. कुंभाराच्या घराचा उतारा होता. पंख्याच्या वाऱ्याने तिच्या हातातला कागद उडाला आणि बाकाखाली गेला. बाई वाकून तो काढेपर्यंत टिटवी थांबलीच नाही. कुंभाराने चाक फिरवलं, माठ केला, माठ फुटला, पोर रडलं, शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं बिनचूक.

“टिटवे,” बाई म्हणाल्या, “कागद तर माझ्या हातात आहे.”

“असू दे की बाई. मला येतं. सगळे नवे सर हेच घेतात. त्या रडक्या मॅडमनीपण हेच घेतलं होतं.”

“आणि बाकीचे उतारे?”

“ते पण सगळ्यांना येतात. म्हणून दाखवू?”

बाई खाली बसल्या. माझ्याही लक्षात आलं काय झालं ते. बाईंनी मुलांची परीक्षा घ्यायला म्हणून जे उतारे ठरवले होते, तेच नवे सर लोक सराव पाठाला घेत होते. मुलं पटापट उत्तरं देतात, पाठ रंगतो, म्हणून मागची तुकडी पुढच्या तुकडीला तेच सुचवत होती. बाई मागच्या बाकावर बसून पाठ पाहत होत्या, सरांच्या आवाजाकडे, फळ्याकडे, हातांकडे पाहत होत्या. उताऱ्याकडे कोण पाहतं?

मी पाणी आणलं. त्यांनी ते तसंच बाजूला ठेवलं.

“सगळंच पाठांतर असेल तर?” त्या म्हणाल्या.

“सगळंच कसं असेल?”

“तेच मला माहीत नाही हो. यांना वाचता येतं का, हेच मला माहीत नाही.”

तेवढ्यात प्राचार्य आले. नवा सदरा, कपाळावर घाम. “बाई, आज नुसतं हसायचं. बाकी मी पाहतो.”

बाईंनी त्यांना सांगितलं. प्राचार्यांनी आधी दार लावलं.

“आज नको. उद्या सांगा.”

“उद्यापर्यंत हे निकाल अहवालात जातील, सर.”

“मग परवा सांगा! अहो, तुम्ही झुरळाला भिता, लिफ्टला भिता, आणि विद्यापीठाला भीत नाही?”

“भिते ना. फार भिते.”

“मग झालं तर,” असं म्हणून प्राचार्य गेले. त्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

दुपारी शाळेचं सभागृह भरलं. समितीच्या अध्यक्षा पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. कुणाचे शोधनिबंध झाले, कुणाचं आरोग्य शिबिर झालं, टाळ्या झाल्या. मग हळूबाईंचं नाव पुकारलं. पुढच्या रांगेत आमची मुलं तेल लावून, भांग पाडून बसली होती. पडद्यावर बाईंच्या संशोधनाचे चढत जाणारे आलेख आले. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज फुटेना. ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मला वाटलं, आता या पडणार.

“हे निकाल मी मागे घेते,” अखेर त्या म्हणाल्या. “मुलांना हे उतारे पाठ आहेत. मला आज सकाळी कळलं. मुलांची त्यात चूक नाही.”

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

“मग किती मुलांना वाचता येतं?” अध्यक्षांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“सोपं आहे. आत्ताच पाहू.” अध्यक्षा उठल्या, फळ्यापाशी गेल्या, खडू उचलला. पुढच्या रांगेत टिटवीने शेजारच्या मुलीचा हात घट्ट धरला.

“नको,” बाई म्हणाल्या.

अध्यक्षा वळल्या. “काय म्हणालात?”

“असं सगळ्यांसमोर नको.” बाई फळा आणि मुलं यांच्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या. “लहानपणी मला वाचता येत होतं. वर्गात उभं केलं की येत नसे. गुरुजींनी मला ढ मुलांत बसवलं. घाबरलं की येतं तेही येत नाही, मॅडम. मागच्या खोलीत या. एकेक मूल बोलवा, दार लावून घ्या. मी बाहेर बसते.”

अध्यक्षांनी खडू ठेवला.

व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघी बसलो. आत एकेक मूल जात होतं. दारातून शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण. गुणगुण थांबली की बाई माझं मनगट दाबत. पुन्हा सुरू झाली की सोडत. टिटवी आत गेली आणि गल्लीच्या टोकाला जाणारा तो आवाज ऐकूच येईना.

“काहीच म्हणत नाही ती,” बाई पुटपुटल्या. “एक अक्षरही नाही.”

मुलं संपली तेव्हा अध्यक्षा बाहेर आल्या. बाई उठायला गेल्या.

“बसा,” अध्यक्षा म्हणाल्या. “थोड्या मुलांना येतं. बऱ्याच जणांना येत नाही. कायमचा वर्ग मी लिहू शकत नाही, तुम्हाला कळतंय ना?”

“हो.”

“खोली एक वर्ष राहील. नवे उतारे करा आणि कपाटाला कुलूप लावा. पुढच्या वर्षी मीच येईन. असंच, दार लावून.”

त्या गेल्या. बाई हसतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा आणखी उतरला.

“एका वर्षात होईल का हो?” त्यांनी मला विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. “कुणास ठाऊक,” मी म्हटलं.

टिटवी खांबाला टेकून उभी होती. “बाई, त्यांच्याकडे नवीनच धडा होता. मला आलाच नाही,” ती म्हणाली, तिच्या मानाने फारच हळू. “मी नापास का?”

“नाही गं. मला पहिल्यापासून शिकवायचंय, एवढंच.”

“आजपासून?”

बाईंनी घाबरून खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग उठल्या, आत गेल्या आणि भिंतीवर लावलेला कुंभाराचा उतारा त्यांनी काढून टाकला.