अक्कांचा पदर

अक्कांच्या तोंडात जखम होती आणि आम्ही सगळे त्यांच्या पदराचं कौतुक करत होतो.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. लग्न होऊन गेवराईजवळच्या या गावात आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती.

"सर गं मडम," त्या म्हणायच्या. "जाळाला इंग्रजी कळत न्हाई."

रोज सकाळी आम्ही दोघी मागच्या दारी बसायचो. त्या दातांना तंबाखूची मिश्री लावायच्या, मी ब्रश करायचे. माझं सगळं रडणं-हसणं तिथंच झालं.

पुढे पुढे त्या माझ्यासमोरही तोंडावर पदर धरायला लागल्या. बोलताना, हसताना.

मला ते फार ग्रेसफुल वाटायचं. शाळेत सिस्टरनी शिकवलेले मॅनर्स मला त्या पदरात दिसायचे.

त्यांच्या मुलाच्या लग्नात मी नव्या सुनेला, स्वातीला, चारचौघींत म्हणाले, "सासूकडून शीक. एवढं वय झालं, पण मर्यादा सोडली नाही."

बायका "खरंय, खरंय" म्हणाल्या.
अक्का पदराआडून हसल्या.

मग त्यांची भाकरी सुटली. दाढ दुखतेय म्हणायच्या. दुधात कुस्करून खायच्या, तेही आमची जेवणं झाल्यावर, एकट्या.

एक दिवस वाळत घातलेल्या लुगड्याच्या पदरावर मला रक्ताचा डाग दिसला. धुऊनही न गेलेला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जखमेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर. गालाच्या आतून, मिश्रीची चिमूट जिथं बसायची तिथून.

तिथल्या डॉक्टर मुलीनं एक नवी तपासणी सुचवली. अजून अभ्यासासाठीच करतात, म्हणाली. आधी साध्या हवेत एमआरआय, मग मास्कमधून ऑक्सिजन देऊन पुन्हा. गाठीच्या कुठल्या भागात ऑक्सिजन पोचत नाही ते त्यातून कळू शकतं. तिथं रेडिएशन नीट लागू पडत नाही, म्हणून ते आधी कळलेलं बरं.

अक्कांनी मंगळसूत्र, जोडवी निमूट काढून दिली.
दवाखान्याचा गाऊन घातला आणि पदरच उरला नाही.
मग त्यांनी तोंडावर हात धरला. तो काही केल्या काढेनात.

मास्क लावला तेव्हा मात्र चेहरा उजळला.
"हे लई बरंय गं," मला म्हणाल्या. "तोंड झाकतंय."

नंतर डॉक्टरनी स्क्रीनवर चित्रं दाखवली. गाठीच्या मधोमध निळा डाग होता.

"इथं ऑक्सिजन जवळजवळ पोचतच नाहीये."

अक्का वाकून बघत होत्या. "मपल्या तोंडाचा एवढा मोठा फोटू! लग्नात बी न्हवता काढला."

डॉक्टर हसली. मग विचारलं, "आजी, जखम कधीपासून आहे?"

"पोराच्या लग्नाच्या आधीपासून."

मला खुर्चीत बसवेना.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अक्का, मला का नाही दाखवलं?"

"दावनार व्हते की. लग्न उरकलं की तुलाच दावू म्हनलं." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "पन तू सगळ्यांम्होरं एवढं चांगलं बोललीस. मंग कसा काढू पदर?"

रागानं नाही बोलल्या. मला वाईट वाटू नये म्हणून हसतच बोलल्या.

रेडिएशन झालं. त्या चित्रांचा उपयोग होईल तेवढा डॉक्टरनी केला. पण आम्ही फार उशिरा आलो होतो.

शरीराच्या आत कुठं श्वास पोचत नाही, ते त्या मशीनला दिसलं. मला एका सुती पदरामागचं दिसलं नाही. रोज शेजारी बसून.

आज वर्षश्राद्धाला घर भरलं होतं. वाढताना स्वातीचा पदर तोंडावर होता. मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि मोबाइलचा टॉर्च लावला.

"आ कर."

"काकू, मला काय झालंय?"

"काही नाही. आ कर."

दोन्ही गाल, जीभ, जिभेखाली. सगळं स्वच्छ, गुलाबी.

तिनं माझ्या हातातून मोबाइल घेतला.
"आता तुमी करा."

मला लाज वाटली. खरंच वाटली. एवढ्या वयात, सुनेपुढं तोंड उघडायची.
तेव्हा कळलं, अक्कांना किती वाटली असेल.

मी आ केला.

अक्का, तुमचं तेवढं बघायचं राहिलं.
नमस्कार करते.