पंपघरातल्या काकू

नोकरी काकांची होती, पण व्हॉल्व्ह दोघांचा. रात्री काका, दिवसा काकू. पंपघराला चिकटून दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं आणि मधे एक दार. ते दार लावायची सोय नव्हती, कारण कानावर आवाज राहायला हवा. पलीकडे मोटर गुरगुरायची, अलीकडे काकूंचा स्वयंपाक चालायचा. घरात आलेला पाहुणा ओरडून बोलायचा आणि निरोप घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला तरी ओरडतच असायचा.

पंप आणला होता उंच टाकीसाठी. प्रत्यक्षात टाकी बरीच ठेंगणी बांधली गेली, पंप मात्र तोच बसला. त्यात टाकीकडे जाणाऱ्या लाइनलाच खालच्या वस्तीचे नळ जोडलेले. सकाळी नळ सुटले की लाइनमधला दाब पडायचा आणि पंप मोकाट सुटायचा. नवख्याला वाटतं, दाब कमी म्हणजे मोटरला आराम. या जातीच्या पंपाचं उलटं असतं. समोर अडवणारं काही नसलं की तो भसाभसा पाणी फेकतो, आणि जितकं पाणी जास्त तितका मोटरवर भार. अँपिअरचा काटा लाल पट्टीत शिरायचा, पंपाच्या पोटात कुणी खडी ओतल्यासारखा आवाज यायचा आणि शेवटी मोटर बंद पडायची.

म्हणून पुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा. पाणी कमी झालं की भार उतरायचा, खडखड थांबायची. पण नळ बंद झाले की तेवढंच आवळणं जास्त व्हायचं. पाणी पुढे सरकेना, आतल्या आत घुसळून पंप तापायला लागायचा. मग पुन्हा व्हॉल्व्हचं चाक सैल करा. काकू कणीक मळता मळता उठायच्या, हात पुसायच्या, चाक फिरवायच्या आणि परत यायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन आल्या, काका आजारी पडले, आणि चाक हातात आलं ते आलंच.

तेव्हापासून दोघांनी मिळून उंबरा ओलांडला नाही. काकूंची आई गेली तेव्हा त्या एकट्या गेल्या. लेकीचं लग्न लागलं तेव्हा काका पंपावर होते. ते जेवायला पोचले आणि काकू परत निघाल्या. आता लेकीला जुळी झाली होती. ती फोनवर रडायची, "आई, महिनाभर तरी ये गं. माझ्याच्यानं होत नाही."

"बघते हं," काकू म्हणायच्या. "यांची झोप, पंप... जमवते काहीतरी."

जमायचं नाही. काकांना रात्रंदिवस जागता येणार नव्हतं. बदली माणूस येऊन पाहायचा, चाक हातात घ्यायचा, मोटर दोनदा बंद पाडायचा आणि पळून जायचा.

अशातच पंपानं पाणी कमी द्यायला सुरुवात केली. पाण्याच्या खात्यातली नवी इंजिनिअर आली. लेकीच्या वयाचीच मुलगी. तिनं पंप उघडवला, आतला पंखा बाहेर काढला. त्याची पाती उंदरांनी कुरतडल्यासारखी झाली होती.

"खडीसारखा आवाज यायचा का?" तिनं विचारलं.

"यायचा म्हणजे काय! सकाळी तर रोज," काकू म्हणाल्या. "आवळलं की थांबतो. खरंच खडी जाते का हो आत?"

"नाही काकू. फार पाणी ओढायला लागला की आत बारीक वाफेचे बुडबुडे होतात. ते फुटताना धातू खातात. हा पंपच या टाकीला मोठा आहे. नवा पंखा लेथवर कातून थोडा लहान करून बसवू. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला तरी मोटर दमणार नाही." बोलता बोलता ती काकांकडे वळली. "मागच्या साहेबांनीही हेच सांगितलं होतं ना? तुम्हीच नको म्हणालात, असं ते म्हणत होते."

काका पाना पुसत राहिले. इंजिनिअर गेल्यावर काकूंनी विचारलं, "कधी सांगितलं होतं?"

"झाली असतील काही वर्षं."

"लेकीच्या लग्नाआधी?"

काकांनी पाना पेटीत ठेवला. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. मग तेच म्हणाले, "अगं, पंप आपला आपण चालला तर मला इथे ठेवतील कशाला? जागा सोडायला लावली असती. जायचं कुठे?"

"मला विचारायचं होतंत."

"तू हो म्हणाली असतीस."

"म्हणूनच नाही विचारलंत," काकू म्हणाल्या. पंप बंद असल्यानं घर शांत होतं, आणि तरीही त्या ओरडून बोलल्या होत्या.

लहान केलेला पंखा बसला. सकाळी नळ सुटले, दाब पडला, काटा थोडा वर चढला आणि लाल पट्टीच्या अलीकडेच थांबला. काकू मोटरसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. खडखड झाली नाही. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. एवढंसं काम होतं. लेथवरचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

"कधी येशील?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही."

"जागेचं काही विचारलं तर मी काय सांगू?"

"तुम्हीच ठरवा. आजवर ठरवलंतच की."

लेकीकडे पहिले काही दिवस काकूंना झोपच लागेना. घर फार गप्प होतं. एखादं बाळ रडलं की बरं वाटायचं. काकांचा फोन यायचा. ते दाब किती, काटा कुठे ते सांगायचे. काकू ऐकून घ्यायच्या आणि फोन लेकीच्या हातात द्यायच्या.

जागा कुणी काढून घेतली नाही. पंप सुरू-बंद करायला माणूस लागतच होता. बदली माणूस या वेळी टिकला आणि एका दुपारी काका लेकीच्या दारात येऊन उभे राहिले. बूट न काढता कडेच्या खुर्चीवर बसले. "संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय," ते म्हणाले. "तू येतेस ना?"

काकू एका नातवाला खांद्यावर थोपटत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "हा झोपलाय. हळू बोला."