गुणी बाळ

देवाकडे काय मागावं हे मला फार उशिरा कळलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मी सोलापूरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या कामावर होते. आठ-आठ तास कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जाळं, आणि कानात सगळ्या गावाची घाई. नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि पदरात आठ महिन्यांची नंदा होती. यजमान तालुक्याच्या शाळेत मास्तर, ते शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचे.

सासूबाई गावाकडे असायच्या. त्यांना माझी नोकरी मुळीच पसंत नव्हती. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, की पोर आईवाचून दिवसभर रडत बसणार असेल तर त्या पगाराला चाटायचंय का? माझा स्वभाव तेव्हा फटकळ होता. माझं मी बघेन, तुमच्या दारात यायची नाही, असं मी तोंडावर बोलून आले. एकदा असं बोलून बसल्यावर माघार घेणं माझ्या रक्तातच नव्हतं.

आमच्या चाळीत अंबूबाई नावाची एकटी म्हातारी राहायची. उभा जन्म गिरणीत काढलेली, मनाने प्रेमळ. नंदाला मी तिच्याकडे ठेवू लागले. पहिले पंधरा दिवस पोरीने चाळ डोक्यावर घेतली. शेजारीण म्हणाली, तुमच्या सासूबाईंच्या गावची माणसं येतात आमच्याकडे, पोर रडतं ते त्यांनाही ऐकू जातं हो. मी हादरलेच. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना अंबूबाईला म्हणाले, काहीही करा, पण हिला रडू देऊ नका. आणि बाहेर पडल्यावर सिद्धेश्वराच्या दिशेला हात जोडून तेच मागितलं. पोर शांत राहू दे, एवढं कर, दर सोमवारी येईन.

आठवड्याभरात नंदा शांत झाली. मी घरी यावं तर ती झोपलेली असे. दूध पिताना मधेच डोळे मिटायची. चाळीतल्या बायका म्हणू लागल्या, काय गुणी बाळ आहे. मला धन्य वाटायचं. तिचं वजन वाढत नव्हतं, दोन-दोन दिवस पोट साफ होत नव्हतं, हे दिसत होतं, पण दात येत असतील अशी मी माझीच समजूत घातली. आईला कळत नाही असं नसतं. मला कळून घ्यायचं नव्हतं, हे आज मी कबूल करते. दर सोमवारी मात्र न चुकता देवळात जात होते.

अशाच एका सोमवारी सकाळची पाळी संपता संपता कायम झाल्याचा कागद हातात पडला. मी तडक घरी आले, अंबूबाईच्या पाळण्यातून नंदाला उचललं आणि खांद्यावर टाकून देवळात गेले. चैत्रातली दुपार होती. तळ्यावरून येणारा वारासुद्धा भाजत होता, देवळात फारसं कुणी नव्हतं. देवापुढे पेढे ठेवले, कपाळ टेकलं, सगळं तुझ्याच कृपेने झालं म्हणाले, आणि जरा टेकावं म्हणून ओवरीत आले. तिथे विड्या वळणारी एक बाई बसली होती. पन्नाशीची, तेलुगू वळणाचं नेसणं, शेजारी रिकामी टोपली, बोटांना तंबाखूचा वास. मी नंदाला मांडीवर घेतलं. तिच्या ओठावर माशी बसली ती मी हाकलली. पुन्हा बसली. ती बाई आमच्याकडे एकटक बघत होती. मला राग आला, नजर लावते की काय असंही वाटून गेलं.

ती उठून जवळ आली आणि काही न विचारता तिने नंदाची पापणी वर केली. मग मला म्हणाली, "बाई, लेकराला गोळी कोन देतंय?"

कसली गोळी, मी विचारलं.

"अफूची. डोळ्यातली बाहुली बघ की, टाचणीच्या टोकाएवढी झालीय. आमी गिरणीत जाताना देत होतो. माझा उठला न्हाई."

 तिने नंदाला माझ्या मांडीवरून उचललं आणि चालायला लागली. टोपली तिथेच राहिली, चपला तिथेच राहिल्या. तापलेल्या फरशीवरून ती अनवाणी पळत होती आणि मी तिच्यामागे. बाहेर टांगा मिळाला. वाटभर ती पोरीच्या तळपायावर टिचक्या मारत होती, कान चोळत होती, तेलुगूत काहीतरी बोलत होती. मला म्हणाली, हाक मार, तुझा आवाज वळखंल ती. दिवसभर परक्यांशी बोलणाऱ्या माझ्या तोंडून त्या वेळी धड नावसुद्धा निघत नव्हतं. तरी मारत राहिले. श्वास चालू होता, पण फार हळू.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंदाला तपासलं, धावपळ केली, आणि मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, की आजचा दिवस घरी निजू दिलं असतं तर ही उठली नसती. दिवे लागायच्या वेळेला नंदाने डोळे उघडले आणि मोठ्याने भोकाड पसरलं. मी पलंगाच्या दांड्याला धरून रडले. वळून बघते तो ती बाई निघून गेली होती.

चार दिवसांनी घरी आले ती अंबूबाईला धारेवर धरायचं ठरवूनच. ती म्हणाली, "माजी चार पोरं अशीच वाढली की. तुमीच म्हनला, कायबी करा पन रडू दिऊ नका."   तिने मोहरीएवढी गोळी दिली होती हे खरं, पण मागणी माझी होती. तिच्याकडेही आणि देवाकडेही मी तेच मागितलं होतं.

त्या रविवारी मी सासूबाईंना पत्र लिहिलं. झालं ते सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. मला एकटीला जमत नाही, नोकरीही सोडवत नाही, तुम्ही या, असं लिहिताना माझा अभिमान गळून पडला तो कायमचाच. देवापुढे शंभर वेळा कपाळ टेकलं होतं, पण खरं टेकलं ते त्या पोस्टकार्डावर. सासूबाई तिसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन दारात उभ्या. वर्षभर त्यांनी मला टोमणे मारले आणि वर्षभर नंदाला जमिनीवर ठेवलं नाही. मी तीस वर्षं नोकरी केली ती त्यांच्या जिवावर. अंबूबाईशीही आमचं पुढे तुटलं नाही. संध्याकाळी ती येऊन बसायची, नंदा तिच्या अंगावर चढायची.

त्या बाईला मी तीन सोमवार देवळात शोधलं. शेवटी विड्यांच्या कारखान्याशी गाठ पडली. तिच्या चपला आणि टोपली मी देवळातून आणून जपून ठेवली होती, ती दिली. साडी-चोळी नेली होती, ती तिने घेतली नाही. नंदाचे गाल मात्र दोन्ही हातांनी धरले. मी म्हणाले, अक्का, तुम्ही सोमवारी देवळात दिसला नाहीत पुन्हा. तिने मान हलवली. पोरगं गेल्यापासून वीस वर्षं तिने देवाचं तोंड बघितलं नव्हतं. त्या दिवशी कारखान्याने माल घ्यायला उशीर लावला आणि ऊन सोसवेना म्हणून ती ओवरीत शिरली होती.

"मी देवाला न्हवते आले, बाई," ती म्हणाली. "सावलीला बसले हुते. देवाकडं पाठ करून."

 मी देवाकडे तोंड करून आभार मानत होते, आणि माझी पोर माझ्या खांद्यावर मरत होती. तिने पाठ फिरवली होती म्हणून तिचं तोंड आमच्याकडे होतं.