ताईचा प्रोग्राम आणि बाबांची औषधं

रिकाम्या डब्यावर माझ्या नणंदेइतका अविश्वास ठेवणारं माणूस उभ्या पुण्यात सापडायचं नाही. घासून पालथा घातलेला डबासुद्धा ती आत डोकावून बघते, हात फिरवते, मगच त्यात पोहे ओतते. रिक्षात बसली की वाकून मीटर बघते. रिक्षावाला वैतागला तर म्हणते, "तुमच्यावर शंका नाही हो, शून्यावर आहे."

ही सवय तिला लागली गेल्या वर्षी. ताई हिंजवडीत प्रोग्राम लिहिते, तिथेच एकटी राहते. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना सकाळी आपापल्या गोळ्यांची आठवण मोबाइलवर यावी, म्हणून तिने हौसेने पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम करून दिला. प्रत्येकासाठी कोरी यादी घ्यायची, त्यात त्याची औषधं भरायची आणि पाठवायची, एवढंच. पण त्या भाषेची एक खोड आहे. फंक्शन, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा प्रोग्रामचा तुकडा, लिहिताना आपण जी कोरी यादी धरून चालतो, ती दर वेळी नव्याने कोरी होत नाही. प्रोग्राम सुरू होताना एकदाच होते. त्यामुळे पहिल्या आजोबांची औषधं दुसऱ्यांच्या यादीत उरली, दोघांची तिसऱ्यांच्या. माझे सासरे सगळ्यांत शेवटी. घेतात रक्तदाबाची एक गोळी, पण त्यांना अख्ख्या सोसायटीची औषधं आली. मधुमेहाची, हृदयाची, झोपेचीसुद्धा.

बाबांनी कुणाला काही विचारलं नाही. लेकीने डॉक्टरांशी परस्पर बोलून आपल्यापासून दुखणं लपवलंय, अशी त्यांची खात्रीच झाली. त्यांनी न्याहारी नको म्हटल्यावर मी घाबरून ताईला फोन केला. ती धावत आली. तिला जवळ बसवून बाबा म्हणाले, "तुझ्या घरी चार दिवस राहायचं होतं गं. लेकीकडे कसं राहायचं, म्हणून टाळत गेलो. राहूनच गेलं."

तिने त्यांचा मोबाइल बघितला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, यातली रक्तदाबाची तेवढी तुमची. बाकीच्या शेजाऱ्यांच्या आहेत. माझी चूक झाली."

"म्हणजे मी बरा आहे?"

"ठणठणीत."

"मग राहू दे. तिकडे ट्रॅफिक फार असतो."

ताईने आधी घरोघरी फोन करून सगळ्यांना थांबवलं. सुदैवाने कुणी भलतं काही घेतलं नव्हतं. प्रोग्राम दुरुस्त केला. मग बाबांची बॅग भरायला घेतली.

चार दिवसांसाठी गेलेले बाबा अजून तिकडेच आहेत. फोनवर तिथल्या पाण्याला नावं ठेवतात, पण परत यायचं नाव काढत नाहीत. बरंच झालं. संध्याकाळी चहाचं आधण ठेवताना मात्र माझा हात अजून त्यांच्या वाटणीचं पाणी घालतो, आणि मग मी उगाच दोनदा चहा पिते.